तरुण, कुटुंब आणि धम्म : समाजशास्त्राच्या प्रकाशात



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या समाजाला धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी ज्यांनी समजून-उमजून हात जोडले, त्या पिढीतील फार थोडी माणसे आज हयात आहेत. आज विहारात येणारा तरुण हा त्यांचा नातू किंवा पणतू आहे. आजोबांनी धम्म निवडला होता, नातवाला तो घरातून मिळाला आहे. आजोबांनी काय टाकले आणि का टाकले, हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते. नातवाला ते कोणी सांगितले तरच कळणार. म्हणून धम्मक्रांतीचे पुढे काय होणार, हा प्रश्न दीक्षाभूमीवरच्या गर्दीकडे पाहून सुटणार नाही. तो आपल्या घरात, आई-वडील आणि मुले यांच्यामध्ये सुटणार आहे.

कुटुंब, तरुण पिढी आणि समाजजीवन हा समाजशास्त्राचा विषय आहे. विद्यापीठांतून या विषयावर पुष्कळ संशोधन झाले आहे आणि त्यातील काही तर थेट आपल्याच वस्त्यांवर, आपल्याच घरांवर झाले आहे. पण ज्यांच्यावर ते लिहिले गेले, त्यांच्यापर्यंत ते क्वचितच पोहोचते. ग्रंथ इंग्रजीत, किंमत आवाक्याबाहेर आणि भाषा अवघड. यासाठी या संशोधनातून आपण काय शिकावे, याचा विचार या पाठात करू.

१. कुटुंबाचे पहिले संशोधक : बाबासाहेब

आपल्यापैकी अनेकांना वाटते की संशोधन म्हणजे बाहेरच्या माणसाने येऊन आपल्याविषयी लिहिणे. हे खरे नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. पुढल्या वर्षी, १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या वेळी बाबासाहेबांचे वय अवघे २५ होते. म्हणजे आज जो तरुण पदवी घेऊन नोकरीच्या शोधात फिरतो, त्याच्याच वयाचे.

या निबंधाचा गाभा साधा आहे. जात कशाने टिकते? व्यवसायाने नव्हे, केवळ विटाळानेही नव्हे. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या सक्तीने. हे कुंपण काढले की जात उभी राहू शकत नाही.

आता या कुंपणाची घडण पाहा. एखाद्या गटाने स्वतःला बंद करून घेतले, तर त्याच्या आत लग्नाच्या वयाचे पुरुष आणि स्त्रिया यांची संख्या सारखी राखावी लागते. नवरा मेला तर विधवा 'जास्तीची' होते. ती बाहेर लग्न करील तर कुंपण मोडेल, आत करील तर एखाद्या कुमारिकेचा वर कमी होईल. म्हणून तिला एक तर चितेवर चढवायचे, नाही तर जन्मभर वैधव्यात कोंडायचे. बायको मेली तर पुरुषही 'जास्तीचा' होतो. पण सत्ता त्याच्या हाती, त्याला कोण जाळणार? त्याला विधुर ठेवावे तर तेही कठीण. मग त्याच्यासाठी लग्नाच्या वयात न आलेली मुलगी शोधायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन दुष्ट रूढी निरनिराळ्या नाहीत. एकाच कुंपणाचे ते तीन खांब आहेत, असे बाबासाहेबांनी दाखवून दिले.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की जातीचा भार सर्वांत आधी स्त्रीच्या देहावर पडतो. दुसरी अशी की वरच्या गटाने जे केले त्याचे अनुकरण खालचे गट करीत गेले आणि जातीची रीत सर्वत्र पसरली. आज आपल्या लग्नांत हुंडा, मानपान आणि कर्ज काढून केलेला थाट दिसतो, तेव्हा अनुकरणाचा हा नियम आठवावा.

पुढे १९३६ मध्ये 'जातिसंहार' या विषयावरील भाषणात बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हा खरा उपाय सांगितला. त्याबरोबरच त्यांनी विचारले की लोक तो का करीत नाहीत? उत्तर असे की ज्या शास्त्रांनी जात पवित्र ठरवली, त्या शास्त्रांवर लोकांची श्रद्धा आहे. ती श्रद्धा सुटल्याशिवाय हात मोकळे होणार नाहीत. १९५६ चा धम्मस्वीकार हे त्या श्रद्धेतून मोकळे होण्याचे पाऊल होते. बावीस प्रतिज्ञांपैकी नववी प्रतिज्ञा सर्व माणसे समान मानण्याची आहे आणि दहावी समता प्रस्थापित करण्यासाठी झटण्याची आहे. या दोन प्रतिज्ञा विहारात म्हणायला सोप्या आहेत. त्यांची परीक्षा मुलामुलींची लग्ने ठरवताना होते.

२. आकडे काय सांगतात?

१९५१ च्या जनगणनेत भारतात बौद्धांची संख्या सुमारे १ लाख ८१ हजार होती. १९६१ मध्ये ती सुमारे ३२ लाख ५० हजार झाली. २०११ मध्ये ८४ लाख ४३ हजार बौद्धांची नोंद झाली, त्यांपैकी ६५ लाख ३१ हजार एकट्या महाराष्ट्रात.

२०११ च्या साक्षरतेचे आकडे आपण अभिमानाने सांगतो. ७ वर्षांवरील बौद्धांत साक्षरता ८१.२९ टक्के, तर साऱ्या देशात ७२.९९ टक्के. अभिमान योग्यच आहे. परंतु अभ्यास करणाऱ्याने विचारले पाहिजे की तुलना कोणाशी केली? आपले बहुसंख्य लोक महाराष्ट्रात राहतात आणि महाराष्ट्राची साक्षरता त्या वेळी ८२.३४ टक्के होती. म्हणजे आपण राज्याच्या सरासरीच्या बरोबरीला आलो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दारात उभे केले नाही, ते सरासरीला येऊन पोहोचले, हा पराक्रमच आहे. पण बरोबरीला येणे वेगळे आणि पुढे जाणे वेगळे.

आणखी खोलात जाऊ. बौद्ध पुरुषांत साक्षरता सुमारे ८८ टक्के, स्त्रियांत ७४ टक्के. अंतर १४ अंकांचे. देशात पुरुष सुमारे ८१ आणि स्त्रिया ६५, म्हणजे अंतर १६ अंकांचे. आपण पायऱ्या चढलो, पण भाऊ आणि बहीण यांच्यातील अंतर जवळजवळ तसेच बरोबर घेऊन चढलो! यात शाळा न पाहिलेल्या आज्याही मोजल्या आहेत, हे ध्यानात घ्यावे. तरीही हा आकडा आपल्याला गप्प करणारा आहे.

आता लग्नाकडे वळू. २०११-१२ मध्ये देशातील सुमारे ४२ हजार कुटुंबांचे मानव विकासविषयक मोठे सर्वेक्षण झाले. त्यात नवरा आपल्या जातीबाहेरचा असल्याचे सांगणाऱ्या विवाहित स्त्रिया शेकडा ५ च्या आसपासच निघाल्या. बाबासाहेबांनी निबंध वाचला त्याला जवळजवळ शंभर वर्षे झाली असताना देशाची ही स्थिती होती. तसेच २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने १८ वर्षांच्या आत झालेली आढळली. पाचांतील एकीहून अधिक. कुंपणाचा तिसरा खांब अद्याप उभा आहे.

आकड्यांविषयी आणखी एक सूचना. जनगणनेत किंवा शाळेच्या दाखल्यात धर्म कोणता लागतो, हे घरातील कर्ता माणूस काय सांगतो त्यावर ठरते. सवलती जातील या भीतीने अनेक वडिलांनी मुलांच्या नावापुढे जुनाच धर्म लावला. महाराष्ट्र शासनाने १९६० सालापासून नवबौद्धांना सवलती दिल्या होत्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांचा त्यात समावेश झाला. त्यानंतर ही भीती बाळगण्याचे कारण उरले नाही. तरीही दाखला लिहिताना आम्हां शिक्षकांसमोर बाप अडखळतो, मुलगा ते पाहतो आणि न सांगता एक धडा शिकतो.

३. संशोधक उंबरठ्याच्या आत येतो तेव्हा

आकडे घराबाहेरून मोजता येतात. घरातील आचार पाहायचा तर संशोधकाला वस्तीत राहावे लागते, लोकांबरोबर बसावे लागते. अशा रीतीने काही अभ्यासकांनी महाराष्ट्रातील बौद्धांचा अभ्यास केला. नीरा बुरा यांनी खेड्यातील धर्मांतरितांवर लिहिलेला लेख एम. एन. श्रीनिवास यांनी संपादित केलेल्या जातीविषयक ग्रंथात १९९६ मध्ये आला. बाहेर बौद्ध म्हणून ओळख ठाम, पण घरात जुनी दैवते आणि जुने सण टिकून, असे चित्र त्यांनी मांडले. टिमोथी फिट्झजेराल्ड या ब्रिटिश अभ्यासकाने दाखवले की धम्म स्वीकारल्यावरही लग्ने ठरवताना जात आणि पोटजात पाहिली जाते. योहानेस बेल्ट्झ यांच्या २००५ च्या ग्रंथाच्या शीर्षकातच महार, बौद्ध आणि दलित अशी तीन नावे आहेत. एकाच माणसाला ही तीन नावे एकाच वेळी वागवावी लागतात, हे त्यावरून कळते.

हे वाचून काहींना राग येईल. काही म्हणतील की हे आपल्या बदनामीसाठी लिहिले आहे. पण केसपुत्त नगरीतील कालामांना तथागतांनी काय शिकवले? ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, आपल्या गुरूचे आहे म्हणून मानू नका. तपासा, अनुभवाला लावून पाहा आणि मग स्वीकारा. ही कसोटी ब्राह्मणी पोथीला लावायची आणि आपल्याविषयीच्या अहवालाला लावायची नाही, असे चालणार नाही. अहवाल खोटा असेल तर पुराव्याने खोडावा. खरा असेल तर आचार सुधारावा. दोहोंसाठी तो आधी वाचावा लागतो.

आपणच आपल्याला विचारू या. पुढच्या खोलीत भगवान बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी, आणि आत पेटीत किंवा कोनाड्यात गुंडाळून ठेवलेले देव, असे घर आपण पाहिलेले नाही काय? साडेबारा पोटजातींची नावे नव्या पिढीला पाठ नसतील, पण स्थळ पाहताना 'आपल्यातलेच आहेत ना?' हा प्रश्न आपण ऐकलेला नाही काय? आणि त्या 'आपल्यातले' या शब्दात मातंग, चर्मकार किंवा अन्य समाजातून धम्मात आलेला बंधू बसतो काय?

याला ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याने काही कळत नाही. कारणे शोधावी लागतात. मूल तापाने फणफणले, दवाखाना लांब आणि शेजारीण म्हणते नवस बोला. अशा वेळी आई कोनाड्याकडे वळते. गावच्या जत्रेत भाग घेतला नाही तर मजुरीवर बोलावणे बंद होईल ही भीती असते. सून वेगळ्या वळणाच्या घरातून आलेली असते आणि तिला धम्म कोणी समजावून सांगितलेला नसतो. भारतीय बौद्ध महासभेची स्थापना बाबासाहेबांनी १९५५ मध्येच केली, तिचे बौद्धाचार्य विवाहविधी आणि अन्य संस्कार पार पाडतात. परंतु संस्काराच्या दिवसानंतरचे ३६४ दिवस घराला कोण भेटते? जेथे आधार नाही तेथे जुने परत येते. म्हणून दोष देण्याआधी आधार द्यावा.

४. आई आणि मुलगी

२० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. तेथे बाबासाहेबांनी सांगितले की समाजाची प्रगती ते त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. मुलांना शिकवा, त्यांच्यातील न्यूनगंड काढा, लग्नाची घाई करू नका आणि पत्नीने नवऱ्याची दासी न होता मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, हा त्यांचा उपदेश होता.

या उपदेशामागे उभ्या राहिलेल्या स्त्रियांचा इतिहास बराच काळ कोणी लिहिला नाही. तो उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी लिहिला. 'आम्हीही इतिहास घडवला' हा त्यांचा ग्रंथ १९८९ मध्ये आला. चळवळीत काम केलेल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या घरी बसून, त्यांच्या तोंडून या दोघींनी तो जमवला. संशोधन आपल्यातील माणसेही करू शकतात आणि करतात तेव्हा बाहेरच्याला न दिसणारे त्यांना दिसते, याचा हा उत्तम पुरावा आहे.

पुढे २०१४ मध्ये शैलजा पाईक यांचा दलित स्त्रियांच्या शिक्षणावरील ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. पुण्याच्या येरवड्यातील वस्तीत वाढलेल्या या विदुषी आज अमेरिकेत प्राध्यापक आहेत आणि २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिपचा सन्मान मिळाला. आपल्या मुलीवर भेदाचा दुहेरी भार पडतो, असे त्यांनी दाखवले. एक जातीचा, दुसरा स्त्री असण्याचा. वर्गात जातीवरून हिणवले जाते आणि घरी आल्यावर भावाच्या आधी भांडी तिच्या पुढ्यात येतात.

आम्हां शिक्षकांना हे रोज दिसते. मुलगी आठवी-नववीत गेली की हजेरीपटावर तिच्या नावापुढे खाडे वाढू लागतात. धाकटे भावंड सांभाळायचे, आईची मजुरी बुडू नये म्हणून घर बघायचे, पुढे 'चांगले स्थळ आले आहे' म्हणून शाळा सुटते. त्याच घरात १४ एप्रिलला निळा झेंडा मोठ्या उत्साहाने लागतो. झेंडा लावावाच. पण झेंड्याचा खर्च निघतो आणि मुलीच्या बसच्या पासाचा निघत नाही, तेव्हा बापाने क्षणभर थांबून विचार करावा.

५. सिगाल नावाच्या तरुणाची गोष्ट

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त हे गृहस्थाच्या विनयाचे सुत्त आहे. राजगृहातील सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी सहा दिशांना हात जोडीत होता. तथागतांनी विचारले, हे कशासाठी? तो म्हणाला की वडिलांनी मरताना सांगितले म्हणून. का सांगितले, हे त्याला ठाऊक नव्हते.

तथागतांनी त्या तरुणाची टवाळी केली नाही. त्यांनी दिशांचा अर्थ बदलून दिला. पूर्व म्हणजे आई-वडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारे सेवक आणि वरची दिशा म्हणजे श्रमण व सत्पुरुष. या सहा नात्यांत नीट वागणे हेच दिशांचे वंदन. प्रत्येक नात्यात दोन्ही बाजूंची कर्तव्ये सांगितली आहेत. मुलाने आई-वडिलांना सांभाळावे, तसे आई-वडिलांनीही मुलाला वाईटापासून रोखावे, चांगल्याकडे वळवावे, विद्या-हुन्नर शिकवावा आणि वेळेवर त्याचा वाटा त्याच्या हाती द्यावा. पत्नीकडून अपेक्षा आहेत तशाच पतीनेही तिचा मान राखावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे आणि घराचा अधिकार तिच्या हाती द्यावा. एकाने हुकूम करायचा आणि दुसऱ्याने सोसायचे, अशी रचना येथे नाही.

आजच्या आपल्या तरुणाची स्थिती सिगालासारखी होऊ लागली आहे. त्रिशरण-पंचशील तोंडपाठ आहे, अर्थ विचारला तर तो वडिलांकडे पाहतो आणि वडील भिंतीकडे पाहतात. अशा तरुणाला विहारात रागावून भागणार नाही. त्याच्या प्रश्नांना घरात जागा द्यावी लागेल. तो विचारील की आपण बौद्ध आहोत तर माझ्या लग्नात पोटजात कशाला? बहीण विचारील की वाटा देण्याचे कर्तव्य आहे तर माझा वाटा कुठे? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. प्रश्न विचारणारा मुलगा आणि प्रश्न विचारणारी मुलगी हेच धम्माचे खरे वारस आहेत.

६. अभ्यासवर्गाने काय करावे?

वर्षावासात ठिकठिकाणी ग्रंथवाचन होते. या वर्षी त्याला एक छोटी जोड द्यावी. वस्तीतील चार तरुण आणि चार तरुणी यांनी मिळून आपल्याच वस्तीचा अभ्यास करावा. प्रश्न थोडे आणि साधे असावेत :

(१) १४ ते १८ वयाच्या किती मुली शाळेत आहेत, किती सुटल्या आणि कशामुळे?
(२) गेल्या ५ वर्षांत झालेल्या लग्नांत वधूचे वय किती होते, खर्च किती झाला आणि कर्ज किती?
(३) किती लग्ने पोटजातीबाहेर आणि किती जातीबाहेर झाली? त्या जोडप्यांना नंतर समाजाने कसे वागवले?
(४) घरात धम्माविषयी कोण बोलते आणि कोणाला बोलू दिले जाते?

पथ्ये पाळावीत. आधी परवानगी घ्यावी. कोणाचे नाव लिहू नये. केवळ कर्त्या पुरुषाला विचारून परत फिरू नये. आईला, सुनेला आणि मुलीला वेगळे विचारावे, कारण एकाच घरातून दोन निराळी उत्तरे येतात आणि खरी माहिती त्या दोन उत्तरांच्या मधे असते. कोणाची उणीदुणी काढण्यासाठी माहिती वापरू नये. शेवटी जे आढळले ते पौर्णिमेच्या दिवशी विहारात सर्वांसमोर वाचावे आणि त्यातून एकच काम ठरवावे. शाळा सुटलेल्या दोन मुलींना परत वर्गात बसवता आले तरी वर्षावास सार्थकी लागला असे समजावे.

बाबासाहेबांनी २५ व्या वर्षी जातीचे कुंपण कशाने उभे आहे ते शोधून काढले आणि ६५ व्या वर्षी त्यातून बाहेर पडण्याची वाट आपल्याला दाखवली. मधली ४० वर्षे त्यांनी अभ्यास आणि संघर्ष यांत घालवली. वाट दाखवली गेली आहे. त्या वाटेने आपले घर, स्वयंपाकघरासह, लग्नाच्या बोलणीसह आणि मुलीच्या दप्तरासह पुढे चालले आहे की नाही, हे मोजण्याचे काम आता तरुणांनी हाती घ्यावे. वडीलधाऱ्यांनी त्यांना ते करू द्यावे.

जय भीम! नमो बुद्धाय!